आजोबांच्या ट्रंकेतलं लाकडी कोडं

प्रश्न: आजोबा रायफल शूटिंगच्या स्पर्धांना जायचे, त्यांच्या ट्रंकेत ५० भोकांचा एक लाकडी ठोकळा आणि लोखंडी दांडीवर बसवलेला लाकडी गोळा सापडलाय, अगदी अळंबीसारखा दिसतो. नक्की काय आहे हे?

उत्तर: ठोकळ्याचं सोप्पंय. काडतुसं उभी ठेवायचा तो ब्लॉक, पॉइंट टूटूच्या (.२२ कॅलिबरच्या छोट्या रायफलच्या) बॉक्समध्ये ५० काडतुसं येतात म्हणून बहुतेक भोकंही ५०. पण आधी भोकाची रुंदी मोजा, साधारण ६ मिमी असेल तर टूटूचाच, आणि १२ मिमीच्या आसपास असेल तर मोठ्या रायफलच्या केसेस (काडतुसांची रिकामी नळकांडी) घरी परत भरताना वापरायचा रिलोडिंग ब्लॉक असू शकतो, दिसायला दोन्ही सारखेच त्यामुळे घोळ होतो.

खरी मजा त्या अळंबीत आहे! तो बहुधा पाम रेस्ट. उभं राहून नेम धरताना रायफलच्या पुढच्या भागाखाली हा लटकवायचा, तळहात त्याखाली आणि कोपर कंबरेच्या हाडावर टेकवायचं, म्हणजे वजन स्नायूंवर न येता हाडांवर जातं आणि हात कमी थरथरतो. ३०० मीटरच्या फ्री रायफलवाल्यांकडे (रायफलच्या बनावटीवर कमी बंधनं असलेला स्पर्धाप्रकार) हे हमखास असायचं. दांडीला आटे किंवा वरखाली करायचा स्क्रू आहे का बघा, उंची जुळवायची सोय दिसली तर शंकाच नको. लाकूड एका बाजूला गुळगुळीत झालं असेल तर तो आजोबांच्या तळहाताचा घासा, त्यामुळे कृपा करून पॉलिशपेपर मारू नका, जुनेपणा तिथेच कळतो. आणि हो, ट्रंकेत एखादं जिवंत काडतूस निघालं तर ते पोलिसांना कळवा, घरात ठेवू नका.