मरता मरता गाणं, तेही दोनदा

प्रिय सई,

तू फोनवर विचारलंस ते एवढंच ना? आबाजींच्या गावी मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, रात्री नाटक झालं, पोटात सुरा बसलेल्या भावानं बहिणीच्या मांडीवर डोकं ठेवून अख्खं गाणं म्हटलं, लोक 'वन्स मोर' ओरडले, तर गड्यानं पहिल्यापासून पुन्हा म्हटलं. आणि कोणी हसलं कसं नाही?

बेटा, हसणारे पुष्कळ आहेत, पण ते त्या मांडवात बसत नाहीत.

विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीला 'सीतास्वयंवर' केलं, तेव्हा पदं सूत्रधार म्हणायचा आणि पात्रं मधे बोलायची. १८८० मध्ये पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतल'मध्ये पात्रं स्वतःच गाऊ लागली. दुःख जिचं, पदही तिचंच. वर चाली घेतल्या साकी-दिंडीच्या, म्हणजे लोकांच्या कानात आधीच मुरलेल्या. चाल ओळखीची असली की सगळं लक्ष शब्दांकडे. डोकं लावलं होतं माणसानं! पुढे रागदारी वाढली. तिचे भक्त रागावतील, पण मला विचारशील तर तानांच्या गर्दीत शब्द चेंगरले.

आपल्या झाडीपट्टीत, म्हणजे गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाकडे, तसं परवडत नाही. गडचिरोलीतल्या वडशाच्या नाटक कंपन्या दिवाळीपासून गावोगाव फिरतात आणि नाटक रात्रभर चालतं. दोन वाजता मांडवात काय असतं ते तू पाहिलंस: तणसावर घोंगडी पांघरून बसलेल्या बाया, मांडीवर पेंगणारी पोरं, मागे चहाच्या ठेल्यावर उभे बाप्ये. संवाद एकदाच येतो. नेमकं तेव्हाच लेकरू रडलं की गेला. गाण्याचं धृपद मात्र फिरून फिरून येतं. पहिल्यांदा कानावर पडतं, दुसऱ्यांदा कळतं, तिसऱ्यांदा मागची बाई पदर डोळ्याला लावते. तिचं रडून व्हायचं असतं म्हणून 'वन्स मोर'. तिलाही ठाऊक असतं की तो नट आहे आणि पहाटे उठून चहा पिणार आहे. म्हणून काय झालं? भाऊबीज करून माहेरी थांबलेली असते ती. तिला त्या ओळी हव्या असतात.

आता तुझा दुसरा प्रश्न, की हिरो पुस्तकासारखं बोलतो आणि तो धोतरवाला आजीसारखं, असं का. धोतरवाला म्हणजे कॉमेडियन. त्याची झाडीबोली. हिरोनं शुद्ध मराठीत 'शेतकऱ्यावर अन्याय होतोय' म्हटलं की लोक टाळ्या वाजवतात आणि विसरतात. तोच माणूस 'का गा, धानाचे चुकारे आले का?' (म्हणजे विकलेल्या धानाचे पैसे) एवढंच विचारतो आणि पुढच्या खुर्च्यांवरचे पुढारी मोबाईलमध्ये बघू लागतात. घरच्या बोलीत केलेली थट्टा अंगावर येते, आणि रागावायचं म्हटलं तर गंमतच होती की! हे काम करणाऱ्या रंगभूमीला पुण्या-मुंबईनं फार वर्षं हिशेबात धरलं नाही, याचा मला राग आहे. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा इथे परदेशात मी एकट्यानंच पेढे खाल्ले.

शंकरपटाला, म्हणजे बैलांच्या शर्यतीला, पुन्हा नाटक असेल. स्वेटर घालून जा. कॉमेडियनचं एखादं वाक्य कळलं नाही तर आजीला विचार. ती 'झोप आता' म्हणाली, तर काकाकडे जा आणि मला कळवू नकोस.

तुझा,
बाबा