एप्रिलमध्ये, कमी पैशांत, आल्प्समध्ये स्कीइंगला कुठे जावं?

तुम्ही तिघं म्युनिकमध्ये शिकता, स्कीवर कधी उभे राहिलेला नाहीत आणि एप्रिलमध्ये सेमिस्टर सुरू व्हायच्या आत तीन-चार दिवस काढून, खर्च आटोक्यात ठेवून जाऊन यायचंय. आधी कमी उंचीवरची स्वस्त गावं विचारातून काढून टाका. 800-900 मीटरवरच्या गावात एप्रिलमध्ये खोली स्वस्त मिळते ती बर्फ उरलेला नसतो म्हणून. शिकाऊंचे उतार बहुतेक ठिकाणी गावालगत, सगळ्यात खाली असतात आणि तेच आधी वितळतात. वरचे उतार चालू असले तरी तिथे पहिल्या दिवशी तुम्ही करणार काय? तेव्हा आधी उंची बघा, भाडं नंतर.

माझं मत विचाराल तर ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला राहा आणि जवळच्या श्टुबाय ग्लेशियरला, म्हणजे हिमनदीवरच्या स्की क्षेत्राला जा. पायथा 1,750 मीटरवर आहे, पण गोंडोलाने (बंद डब्यांच्या रोपवेने) गाम्सगार्टन या वरच्या स्टेशनला पोचलात की 2,600 मीटर, आणि नवख्यांची जागा तिथे वरच आहे. फ्रान्सचं वाल तोराँस 2,300 मीटरवर वसलंय, एप्रिलमध्ये तिथेही बर्फ छान असतो, पण म्युनिकहून तिथवर जाण्यातच तुमची बचत संपेल.

इन्सब्रुक हे नांदतं शहर आहे, त्यामुळे स्वयंपाकघर असलेलं हॉस्टेल मिळतं, सुपरमार्केट चालत्या अंतरावर असतं. (रविवारी दुकानं बंद, शनिवारीच भरून ठेवा.) डोंगरावरच्या रेस्टॉरंटमध्ये तिघांचं रोजचं जेवण फार महाग पडतं, पोळीचे रोल, शेंगदाण्याची चटणी, उकडलेली अंडी सॅकमध्ये टाका. श्टुबायला शहरातून स्की बस जाते, पण एप्रिलचं वेळापत्रक बघूनच दिवस ठरवा. तुमचं डॉइचलांडटिकेट (जर्मनीभरच्या लोकल गाड्यांचा मासिक पास) सीमेपलीकडच्या कुफश्टाइनपर्यंत चालतं, म्हणजे लोकल गाड्यांनी गेलात तर पुढचं इन्सब्रुकपर्यंतचंच तिकीट काढावं लागेल.

ईस्टरची सुट्टी टाळा. ती तारीख दरवर्षी सरकते, 2025 मध्ये 20 एप्रिल होती, 2026 मध्ये 5 एप्रिल. सुट्टी संपली की गर्दी ओसरते आणि खोल्यांचे दरही उतरतात.

आता बर्फाबद्दल, कारण पैसे वसूल होणं यावरच आहे. वसंतात दिवसा वितळलेला बर्फ रात्री पुन्हा गोठतो. सकाळी पहिल्या लिफ्टने गेलात तर स्कीखाली खरखर आवाज येतो, स्कीची कडा बर्फात धरत नाही आणि नवखा माणूस घाबरतो. दहाच्या सुमारास वरचा बोटभर थर मऊ होतो. तिथून दुपारपर्यंतचे दोन-तीन तास शिकायला सोन्यासारखे. त्यानंतर ऊन लागलेले उतार भिजवलेल्या रव्यासारखे जड होतात, स्की रुतते आणि गुडघे याच वेळी दुखावतात. म्हणून एप्रिलमध्ये दुपारनंतरचा स्वस्त पास घेऊ नका. इन्स्ट्रक्टरचा क्लासही सकाळचाच घ्या. पहिल्या दिवसाच्या क्लासचे पैसे वाचवू नका, बाकी कुठेही वाचवा.

बूट, स्की, हेल्मेट भाड्याने. पँट आणि जॅकेट मित्रांकडून मागा. जीन्स अजिबात नको, ओली झाली की दिवस गेला. चांगला गॉगल आणि सनस्क्रीन मात्र विकत घ्याच. ताजा बर्फ 80 टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं परतवतो, त्यामुळे हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या आतल्या कडेलाही लावायचं.

विम्याचे कागद जाण्याआधी वाचा. जर्मनीतला साधा आरोग्य विमा डोंगरावरून हेलिकॉप्टरने उतरवण्याचा खर्च सहसा देत नाही आणि ते बिल हजारो यूरोंत जातं. जर्मन किंवा ऑस्ट्रियन आल्पेन्फेराइनचं (गिर्यारोहण संघाचं) सभासदत्व घेतलंत तर त्यात बचावकार्याचा विमा येतो.

आणि पासपोर्ट, रेसिडेन्स परमिट दोन्ही जवळ ठेवा. परत येताना जर्मन पोलीस गाडीत तपासणी करतात.