वस्तीचे नाव बदलले, नोंदवहीचे काय करायचे?

प्रश्न : निफाड तालुक्यातील एका ग्रामपंचायतीत मी लिपिक आहे. आमच्या गावातील एका वस्तीचे जातिवाचक नाव ग्रामसभेच्या ठरावाने बदलून ‘समतानगर’ झाले, नवा फलकही लागला. मात्र वीजबिलांवर आणि पुष्कळांच्या आधार कार्डांवर जुनेच नाव आहे. मागच्या महिन्यात एका तरुणाला नमुना ८ चा (म्हणजे घराच्या नोंदीचा) उतारा नव्या नावाने दिला, तर पत्ता जुळत नाही म्हणून बँकेने तो परत केला. मग जुन्या नावाने करून दिला, तेव्हा त्याने तो वाचला, माझ्या टेबलावरच ठेवला आणि काही न बोलता निघून गेला. आमचे एक ज्येष्ठ सदस्य म्हणतात, ‘पिढ्यान्‌पिढ्या गाव तेच नाव घेत आले आहे, कोणाच्या मनात वाईट नसते, हे सगळे शहरी चोचले आहेत.’ मी काय लिहावे?

उत्तर : आधी तुमच्या सदस्यांच्या ‘शहरी चोचल्यां’बद्दल, कारण शब्दांवरचा हा वाद शहरातून आलेला नाही आणि नवा तर मुळीच नाही. १९३८ साली मुंबई इलाख्याच्या विधानसभेत स्थानिक मंडळांच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आले होते आणि त्यात अस्पृश्य समाजासाठी ‘हरिजन’ हा शब्द घातला होता. त्याला विरोध करायला जे उभे राहिले, ते आपल्याच जिल्ह्याचे, दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे दादासाहेब गायकवाड. आठ वर्षांपूर्वी काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात जे आघाडीवर होते, तेच हे भाऊराव कृष्णाजी गायकवाड. आम्ही देवाची माणसे, तर मग बाकीचे कोणाची, असा त्यांचा सवाल होता. डॉ. आंबेडकरांनी त्यांना पाठिंबा दिला. बहुमताने त्यांचे ऐकले नाही, तेव्हा त्यांच्या पक्षाचे सदस्य सभागृहातून उठून गेले.

‘हरिजन’ हा शब्द शिवी म्हणून कोणी वापरत नव्हते, उलट तो आदरानेच योजलेला होता, आणि तरीही तो नको होता, कारण ज्यांच्यासाठी तो होता त्यांना कोणी विचारलेच नव्हते. ‘कोणाच्या मनात वाईट नसते’ हा युक्तिवाद त्या सभागृहातही चालला असता. पुढे ‘दलित’ हा शब्द त्या समाजातील लेखक-कार्यकर्त्यांनी स्वतः उचलला, अभिमानाने मिरवला. तरी सरकारी कागदावर ‘अनुसूचित जाती’ हेच लिहावे, अशी सूचना केंद्राने २०१८ मध्ये राज्यांना दिली. मोर्चात एक शब्द आणि टिपणीत दुसरा, यात मला विसंगती वाटत नाही. माणूस स्वतःला जे म्हणवून घेतो ते सारेच कारकुनाने त्याला म्हणावे असे नसते.

वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला आणि समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे सुचविली. त्या निर्णयात महारवाडा, मांगवाडा यांच्या जोडीला ब्राह्मणवाडा आणि माळी गल्ली हीसुद्धा उदाहरणे होती. कायद्याला सगळे सारखे, हे खरे. पण माळी गल्ली हे नाव तिथल्या माणसांनी भाकरी कशावर मिळविली ते सांगते, आणि गावकुसाबाहेरच्या वस्तीचे नाव बाकीच्या गावाने कुठवर जायचे ते सांगत असे. दोन्ही नावे कानाला सारखीच ‘जुनी’ वाटतात, म्हणून दोन्हींचे ओझे सारखे ठरत नाही. तुमच्या टेबलावर उतारा ठेवून गेलेल्या मुलाला हा फरक तुमच्या सदस्यांपेक्षा चांगला कळतो.

आता कामाचे बोलू. उताऱ्यावर नवेच नाव लिहा. नोंदवहीतली जुनी नोंद मात्र खोडू नका. तिच्या शेरा रकान्यात ग्रामसभेच्या ठरावाचा क्रमांक आणि दिनांक लिहा, म्हणजे उद्या वारसाहक्काचा किंवा हद्दीचा प्रश्न आला तर धागा सापडेल. जुना शब्द दप्तरात राहू द्या, माणसाच्या हातात देऊ नका. बँकेसाठी उताऱ्यासोबत ठरावाची साक्षांकित नक्कल जोडा. त्या नकलेत जुने नाव एकदा येईल, त्याला इलाज नाही. पण तो शब्द मग ‘तुझा पत्ता’ म्हणून येत नाही, रद्द झालेले नाव म्हणून येतो. वीजबिलांसाठी घरटी एकेक अर्ज करायला लावण्याऐवजी ग्रामपंचायतीनेच ग्राहक क्रमांकांची यादी जोडून वीज कंपनीला एक पत्र द्यावे, आणि आधारचे पत्ते बदलण्यासाठी एखादे शिबिर भरवावे. नाव गावाने बदलले आहे, तर खेटे त्या वस्तीनेच का घालावेत?

प्रश्न : मी नाशिक शहरात एका सरकारी कार्यालयाच्या खिडकीवर बसते. ‘अपंग’ म्हणायचे की ‘दिव्यांग’, ‘विधवा’ लिहायचे की ‘गं. भा.’, याबद्दल दर वर्षाला नवी सूचना येते. घाईत एखादा शब्द चुकला की समोरचा दुखावतो. नेमके काय म्हणावे?

उत्तर : १९९५ च्या कायद्याच्या मराठी नावात ‘अपंग’ होते, २०१६ च्या कायद्याच्या मराठी नावात ‘दिव्यांग’ आले, आणि राज्यात २०२२ पासून दिव्यांग कल्याण विभाग स्वतंत्र झाला आहे. तेव्हा कागदावर ‘दिव्यांग’च लिहा. मला स्वतःला तो शब्द फारसा रुचत नाही, आणि ज्यांच्यासाठी तो केला त्यांच्यापैकीही अनेकांनी ‘आमच्यात दिव्य असे काही नाही, आम्हाला हक्क हवेत’ असे म्हणून त्यावर हरकत घेतलेली आहे. पण खिडकीवर तुम्हाला या दोन्ही शब्दांची गरज किती वेळा पडते, हे एकदा मोजून पाहा.

काही वर्षांपूर्वी एका कार्यालयात माझ्यापुढे रांगेत एक अंध गृहस्थ होते, सोबत कॉलेजात जाणारा पुतण्या. खिडकीमागच्या कर्मचाऱ्याने अगदी सौम्यपणे, पुतण्याकडे पाहून विचारले, ‘दिव्यांग बंधूंचं नाव काय? त्यांना सही येते का?’ गृहस्थ म्हणाले, ‘मला विचारा ना. तीस वर्षं शाळेत शिकवलंय, हजेरीपटावर रोज सही करत होतो.’ शब्द अगदी परिपत्रकाबरहुकूम होता. चूक झाली ती नजरेची आणि ‘त्यांना’ या सर्वनामाची. ‘काका, आपलं नाव सांगा, सही करता की अंगठा?’ एवढे पुरले असते, आणि त्यात ना अपंग आहे ना दिव्यांग.

‘गं. भा.’ बद्दल सांगायचे, तर एप्रिल २०२३ मध्ये ‘विधवा’ऐवजी ‘गंगा भागीरथी’ वापरावे असा विचार तत्कालीन महिला व बालविकास मंत्र्यांनी पुढे आणला, टीका झाली आणि हा केवळ चर्चेसाठीचा प्रस्ताव असल्याचा खुलासा त्यांना करावा लागला. (नाशिककरांची आणखी एक अडचण : आपण गोदावरीलाच गंगा म्हणतो आणि बुधवारच्या बाजाराला भाजी आणायला ‘गंगेवर’ जातो.) आधीच्या वर्षी, मे २०२२ मध्ये, शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला होता, आणि तसाच ठराव इतरांनीही करावा, असे परिपत्रक सरकारने काढले. हेरवाडने शब्दाला हातही लावला नाही. बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र काढणे थांबविले. योजनेच्या अर्जात वैवाहिक स्थिती विचारणे भाग असेल तर ‘पती हयात नाही’ एवढे लिहून चालते. तोंडी मात्र तो विषय काढूच नका. सगळी रांग ऐकत असताना ‘विधवा का?’ असे विचारले काय किंवा ‘गंगा भागीरथी का?’ असे विचारले काय, त्या बाईला ते सारखेच लागते.

प्रश्न : आमच्या सरपंच महिला आहेत. निमंत्रणपत्रिकेत ‘सरपंचा’ लिहावे, ‘सरपंचबाई’ की ‘महिला सरपंच’? (येवला)

उत्तर : ‘सरपंच’. पदाला लिंग चिकटवायची गरज नाही, कारण मराठीत ते काम क्रियापद करते : सरपंच म्हणाले, सरपंच म्हणाल्या. ‘महापौर’ हा शब्द भगूरच्या सावरकरांनी घडविला असे मानले जाते, आणि तोही स्त्री-पुरुष दोघांना जसाच्या तसा चालतो. राज्यातील स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, त्यामुळे ‘महिला सरपंच’ लिहायचे तर उरलेल्या पत्रिकांवर ‘पुरुष सरपंच’ असे छापावे लागेल. तुमच्या पत्रासोबत आलेल्या नमुना पत्रिकेत त्यांच्या नावाखाली त्यांच्या यजमानांचेही नाव ‘प्रमुख उपस्थिती’ म्हणून, त्यांच्यापेक्षा मोठ्या टाइपात आहे. ते आधी काढा.