शेत विकायच्या आधी पगाराची पावती बघा

प्रश्न : आम्ही खानापूर तालुक्यातले. मिस्टर बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला आहेत. दोन्ही किडन्या निकामी झाल्यात, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. सासूबाई किडनी द्यायला तयार आहेत, पण खर्चाचा आकडा ऐकून हातपाय गळाले. दीर म्हणतात, शेत विकू, गिऱ्हाईक तयार आहे. सुपरवायझर म्हणतो, राजीनामा द्या, हिशोब मिळेल. मी 'थांबा' म्हटलं तर हिला नवऱ्यापेक्षा जमीन प्यारी, असं घरात बोलतात. माझं चुकतंय का?

उत्तर : ताई, तुमचं चुकत नाही. दवाखान्याच्या खेपा, घरचं सगळं, आणि वरून हे बोलणं ऐकायचं. वाचून जीव कळवळला. पण 'थांबा' हा तुमचा शब्द शहाणपणाचा आहे, तो मागे घेऊ नका.

आधी राजीनाम्याचं. सही अजिबात करू देऊ नका. मिस्टरांची पगाराची पावती काढा आणि ईएसआयची (कामगार राज्य विम्याची) कपात होते का बघा. पगार महिना 21 हजारांच्या आत असेल तर ती असायला हवी, ठेकेदाराकडून लागलेले असले तरी. हप्ते पुरेसे भरलेले असतील तर डायलिसिस आणि किडनी बसवण्याचं ऑपरेशन, दोन्ही ईएसआयने जोडलेल्या हॉस्पिटलात कॅशलेस होतं. शिवाय हा आजार त्यांच्या दीर्घ आजारांच्या यादीत आहे. दोन वर्षं सलग नोकरी झालेल्याला पगाराच्या सुमारे 80 टक्के भत्ता दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो, आणि आजारपणाचा भत्ता चालू असताना मालकाला कामावरून काढता येत नाही. राजीनामा दिलात की हे सगळं आपल्याच हाताने सोडल्यासारखं होईल.

ईएसआय नसेलच, तर आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक ही सरकारी योजना. बीपीएल कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत, एपीएलला पॅकेजच्या, म्हणजे उपचाराच्या ठरलेल्या दराच्या, 30 टक्के. त्यासाठी सिव्हिल हॉस्पिटलची चिठ्ठी लागते. अवयव बसवण्यासाठी सुवर्ण आरोग्य सुरक्षा ट्रस्टची बीपीएलवाल्यांना मदत आहे. हॉस्पिटलात योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राला तेच नाव घेऊन विचारा. फॉर्म कन्नडमध्ये आहे म्हणून परत फिरू नका, गल्लीतलं कॉलेजला जाणारं पोरगं सोबत न्या. महाराष्ट्राने 2023 मध्ये 865 सीमागावांना महात्मा फुले योजना देऊ केली, त्यात किडनीसाठी 4.5 लाखांपर्यंत तरतूद आहे. गाव यादीत आहे का बघा. मात्र कर्नाटक सरकारचा तिला विरोध आहे, तेव्हा लेखी मंजुरी हातात आल्याशिवाय तिच्या भरवशावर तारीख ठरवू नका. पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीचा अर्जही ऑपरेशनच्या आधीच करायचा. झालेला खर्च ते देत नाहीत.

आता शेत. ऑपरेशन एकदा होतं, पण शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेटसारख्या गोळ्या ती किडनी चालेल तोवर रोज, ठरल्या वेळेला घ्याव्या लागतात. रक्ताच्या तपासण्या वेगळ्या. पैसे संपले म्हणून गोळ्या बंद पडल्या, तर सासूबाईंनी दिलेली किडनी जाऊ शकते. शेत राखायचं ते त्या दिवसांसाठी. दिरांना सांगा, 'भावोजी, विकायचं नाही असं मी म्हणत नाही. कुठून किती मिळतंय ते आधी कागदावर येऊ दे, कमी पडेल तेवढ्यासाठी बघू.' अडलेल्याचं शेत गिऱ्हाईक पाडूनच मागतं, हे त्यांनाही ठाऊक आहे. ईएसआय ऑफिसला त्यांनाच घेऊन जा. खिडकीवर त्यांनी स्वतः ऐकलं की घरात तुम्हाला एकटीला भांडावं लागणार नाही.

दवाखान्याबाहेर कुणी 'पैसे टाका, डोनर आणतो' म्हणालं तर तिथून निघून या. 1994 च्या कायद्याने हा गुन्हा आहे, दहा वर्षांपर्यंत कैद आणि 1 कोटीपर्यंत दंड, पैसे देऊन किडनी घेणाऱ्यालाही.

सासूबाईंचं वय तुम्ही लिहिलं नाहीत. आई म्हणून कायद्याची अडचण नाही, पण साखर किंवा बीपी निघालं तर डॉक्टर त्यांना नको म्हणू शकतात. तसं झालं तर त्यात त्यांचा काही दोष नाही, हे त्यांना तपासणीच्या आधीच सांगून ठेवा. मग हॉस्पिटलमार्फत जीवसार्थकतेच्या, म्हणजे मरणोत्तर दान केलेल्या अवयवांसाठीच्या कर्नाटकातल्या सरकारी यादीत मिस्टरांचं नाव घालायचं आणि डायलिसिस एकदाही न चुकवता वाट बघायची.