डिकीतली स्टेपनी आणि डिलिव्हरी नोटवरची सही

प्रश्न: मी कराडजवळच्या एका गावात प्राथमिक शिक्षिका आहे. दीड महिन्यापूर्वी पुण्यातल्या एका जुन्या गाड्यांच्या डीलरकडून 2019 ची हॅचबॅक 4 लाख 35 हजारांना घेतली. आधी बघायला गेलो तेव्हा गाडीत टचस्क्रीनची म्युझिक सिस्टिम, डिकीत नवीकोरी स्टेपनी, जॅक-टॉमी, चांगल्या कंपनीची नवी बॅटरी आणि दोन चाव्या होत्या. माझ्या भावाने व्हिडिओही काढला. टोकन देऊन नऊ दिवसांनी, शनिवारी संध्याकाळी भर पावसात आम्ही ताबा घेतला. ‘गाडी पाहून, तपासून, सर्व वस्तूंसह मिळाली’ असं छापलेल्या कागदावर मी सही केली. खंबाटकी घाट ओलांडल्यावर लक्षात आलं की टचस्क्रीन नाही, साधा जुना रेडिओ आहे. घरी येऊन डिकी उघडली तर स्टेपनी आणि जॅक दोन्ही गायब. बॅटरी बदललेली, चावी एकच. डीलर म्हणतो, ‘ते सामान जुन्या मालकाचं होतं, त्याने काढून नेलं. आणि तुम्ही सही केलीय ना?’ जास्त ताणलं तर आरसी नावावर करायचं काम थांबेल, असंही ऐकवलं. पोलिसांत जावं का? गाडी परत करता येईल का?

उत्तर: ताई, तुमच्या पत्रात ‘मीच मूर्खासारखी सही करून बसले’ असं वाक्य आहे. ते आधी मनातून काढून टाका. संध्याकाळची वेळ, पाऊस, पुढे चार तासांचा रस्ता आणि समोरचा माणूस ‘इथे, इथे आणि इथे’ म्हणून पेन हातात देतोय. अशा वेळी वकीलसुद्धा सही करतात. सहीने तुमचा हक्क बुडालेला नाही. वस्तू मिळाल्याचा तो एक पुरावा आहे, आणि पुरावा पुराव्याने खोडता येतो.

खोडायला तुमच्याकडे काय आहे ते बघा. डिलिव्हरी नोटचा जो फोटो तुम्ही पाठवलाय, त्यात छापील ओळीच्या वर एक तक्ता आहे: स्टेपनी, टूलकिट, दुसरी चावी, म्युझिक सिस्टिम. प्रत्येकापुढे ‘हो / नाही’ आणि एकावरही खूण नाही. रकाने कोरे आणि खाली ‘सर्व वस्तूंसह’. हा फोटो त्याच रात्री काढलेला आहे, हे फार बरं झालं. डीलरकडच्या प्रतीत उद्या खुणा उमटल्या तर त्या नंतरच्या आहेत हे दाखवायला तो उपयोगी पडेल.

त्याहून मोलाचा आहे तो व्हॉट्सअ‍ॅपवरचा संवाद. रात्री 9 वाजून 52 मिनिटांनी तुम्ही रिकाम्या डिकीचा फोटो पाठवून लिहिलंत, ‘स्टेपनी नाहीये, दुसरी चावी पण दिली नाही.’ सकाळी त्याचं उत्तर आलं, ‘बघतो मॅडम, सोमवारी पाठवतो.’ अशा प्रकरणांत मी सगळ्यात आधी समोरच्याचं पहिलं उत्तर वाचतो. कुणाचा सल्ला घ्यायच्या आत, बचाव सुचायच्या आत ते आलेलं असतं. सामान दिलं असतं तर तो म्हणाला असता, ‘अहो, दिलंय की, नीट बघा.’ तो म्हणाला ‘पाठवतो’. जुन्या मालकाची गोष्ट चार दिवसांनी आली.

म्हणून आज संध्याकाळीच एक काम करा. तो संवाद डिलीट करू नका, फोन बदलू नका, चॅट एक्सपोर्ट करून दुसरीकडे ठेवा. भावाच्या फोनमधला मूळ व्हिडिओ कापू नका, त्यावर काही लिहू नका. तुम्हाला मिळाली ती फॉरवर्ड झालेली प्रत आहे, खरी किंमत त्याच्या फोनमधल्या फाइलला. प्रकरण पुढे ग्राहक आयोगाकडे गेलं, तर तिथलं काम शपथपत्रांवर चालतं, पुराव्याच्या कायद्याची काटेकोर चौकट लागत नाही. तरी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र जोडलेलं बरं, म्हणजे पुढे कुणाला बोट ठेवायला जागा उरत नाही.

आता जुन्या मालकाबद्दल. जाहिरात कुणी केली? डीलरने. पैसे कुणाच्या खात्यात गेले? डीलरच्या. पावती कुणाच्या शिक्क्याची? त्याचीच. जुन्या मालकाला तुम्ही पाहिलेलंही नाही. ‘मी फक्त मध्यस्थ होतो’ असं तो उद्या म्हणेल. पण ज्याने आपला मूळ धनी कोण हे सांगितलंच नाही, अशा मध्यस्थाला करार कायद्याचं कलम 230 व्यक्तिशः जबाबदार धरतं, उलट काही ठरलं नसेल तर. शिवाय 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकृतता प्रमाणपत्र घ्यावं लागतं. मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची सूचना नमुना 29सी मध्ये आरटीओला गेली की त्या गाडीचा मानीव मालक, म्हणजे कायद्याने मानलेला मालक, तोच. डीलरला जी नोटीस पाठवायची आहे, तिच्यात त्याला अधिकृतता क्रमांक आणि ही सूचना दिल्याची तारीख विचारा. या दोन प्रश्नांनी बऱ्याच जणांचा आवाज खाली येतो.

गाडी परत करण्याचा विचार मात्र सोडा. वस्तू एकदा स्वीकारली की ठरलेल्या अटीचा भंग हा हमीचा भंग मानला जातो आणि मग हक्क उरतो नुकसानभरपाईचा. 1930 च्या मालविक्री कायद्यात कलम 13 आणि 59 मध्ये हे आहे. तुम्ही दीड महिना गाडी वापरलीत, कर्जाचे हप्ते चालू आहेत, आणि गाडी चालायला चांगली आहे असं तुम्हीच लिहिलंय. परतीचा हट्ट धरलात तर साधा, सरळ दावा अवघड होऊन बसेल. आणि रागाने हप्ता थांबवू नका. बँकेचा या भांडणाशी संबंध नाही, सिबिल तुमचंच बिघडेल.

पोलिसांकडे आत्ता जाऊ नका. फसवणुकीचा गुन्हा, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम 318, लागायला व्यवहाराच्या सुरुवातीपासूनच लबाडीचा हेतू होता हे दिसावं लागतं. ठाण्यात ‘ही दिवाणी बाब आहे’ असं सांगून परत पाठवतील आणि तुमचे दोन दिवस जातील. मीटर मागे फिरवलेलं किंवा खोटे कागद निघाले तर गोष्ट वेगळी, तेव्हा मला पुन्हा लिहा. नोटिशीत ‘पैसे द्या नाहीतर गुन्हा दाखल करू’ असं तर अजिबात नको. ते वाक्य तुमच्याच अंगाशी येऊ शकतं.

सगळ्या यादीत मला खरी काळजी वाटते ती दुसऱ्या चावीची, आणि तुमच्या पत्रात ती सगळ्यात शेवटी आलीय. तुमच्या गाडीची दुसरी चालती चावी आज कुणाच्या तरी खिशात आहे. शिवाय गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दावा तपासताना दोन्ही मूळ चाव्या मागते. एकच दिली तर ‘दुसरी कुठे?’ या प्रश्नावर दावा अडकतो. म्हणून डीलरच्या निकालाची वाट न बघता अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये जा, नवी चावी करून घ्या आणि हरवलेल्या चावीचा कोड गाडीच्या सिस्टिममधून काढायला सांगा. मग त्या जुन्या चावीने दार उघडेल कदाचित, इंजिन सुरू होणार नाही. बिलावर हे काम स्पष्ट लिहून घ्या. विमा कंपनीलाही ईमेलने कळवा की ताब्याच्या दिवशी एकच चावी मिळाली, दुसरी अमुक तारखेला नवी केली.

स्टेपनीही घेऊन टाका. निकाल लागेपर्यंत बिनस्टेपनीचं फिरायची गरज नाही. आपलं नुकसान वाढू न देणं ही कायद्याने तुमचीही जबाबदारी आहे आणि त्यासाठी झालेला वाजवी खर्च मागता येतो. फक्त आधी रिकाम्या डिकीचे, रेडिओचे आणि बॅटरीवरच्या नंबराचे उजेडात नीट फोटो काढा. बिल तुमच्या नावाचं, गाडीच्या नंबरासकट.

आकड्याकडे येऊ. तुम्ही आणलेल्या अंदाजपत्रकात स्टेपनी 5,600, जॅक-टॉमी 1,400, चावी आणि कोडिंग 8,200, टचस्क्रीन 16,500, बॅटरीतला फरक 3,100, असे मिळून 34,800 रुपये होतात. यात टचस्क्रीनचा भाव नव्याचा आहे. तुम्ही घेतली होती ती वापरलेली. तिचे 10,000 धरा, म्हणजे मागणी 28,300 वर येते. स्वतःहून कमी का करायचं, असं वाटेल. पण आयोगापुढे ज्याचा आकडा खरा वाटतो त्याचं बाकीचंही खरं वाटतं. मानसिक त्रासाचे पाच लाख मागणारे अर्ज मी पाहिलेत. त्यांत मूळ तक्रारच झाकोळून जाते. त्रासाचे आणि खर्चाचे मिळून 15,000 वेगळे मागा, तेवढे पुरे.

आधी नोटीस. ग्राहक कायद्याने ती सक्तीची नाही, तरी पाठवा. वकिलाची हवी असंही नाही, दीड पानात तुम्हीच लिहा: गाडी पाहिली ती तारीख, तेव्हा काय होतं, ताबा कधी, काय नव्हतं, त्याने काय उत्तर दिलं, किती रुपये हवेत, पंधरा दिवसांची मुदत. विशेषणं टाळा. स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा आणि तीच प्रत व्हॉट्सअ‍ॅपवर. ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून पाकीट परत आलं तर ते फोडू नका. बंद पाकीट तसंच आयोगापुढे ठेवायचं असतं.

मधल्या काळात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवा. तिथून डीलरवर सक्ती करता येत नाही, पण बाहेरून कुणी विचारलं की काही जण तिथेच मिटवतात.

नाहीच मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. पुण्याला हेलपाटे पडतील ही तुमची भीती 2019 च्या कायद्याने दूर केलीय: तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथेच तक्रार करता येते, म्हणजे तुम्हाला सातारा. गाडीची किंमत पाच लाखांच्या आत असल्याने फी शून्य. ई-जागृती पोर्टलवरून तक्रार घरूनच दाखल होते. मुदत दोन वर्षांची आहे, तरी तितकं थांबू नका, जुन्या मालकाने फोन बदलायच्या आत त्याचंही म्हणणं लेखी मिळालं तर बरं. ‘सामान मी काढलंच नाही’ असं तो म्हणाला, तर डीलरकडे बोलायला काही उरत नाही. कायदा तीन महिन्यांत निकाल लावावा म्हणतो. प्रत्यक्षात त्याहून जास्त लागतात, त्या तयारीने जा. पक्कं बिल न देणं हीसुद्धा त्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. तुमच्याकडे नुसती साधी पावती आहे, तेव्हा हा मुद्दा तक्रारीत घ्या.

आरसीच्या धमकीला घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. गाडीचा नंबर टाकून वाहन पोर्टलवर बघा, हस्तांतराचा अर्ज झालाय का. जुन्या मालकाच्या सह्यांचे नमुना 29 आणि 30, म्हणजे मालकी बदलाचे फॉर्म, तुमच्याकडे असतील तर काम डीलरवर सोडूच नका, कराडच्या आरटीओत स्वतः करा. गाडी राज्यातलीच, एमएच-12 नंबर तसाच राहील. घेणाऱ्याने कळवण्याची मुदत 30 दिवसांची होती, ती उलटलीय, थोडा दंड बसेल. नमुने त्याच्याकडे अडकले असतील तर तो वेगळा मुद्दा म्हणून नोटिशीत लिहा. विमाही लगेच नावावर करा. थर्ड पार्टीचं संरक्षण गाडीबरोबर आपोआप येतं, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं येत नाही, ते नावावर करून घ्यायचे 14 दिवस तुमचे केव्हाच गेलेत.

माझा अंदाज, नोटीस मिळाल्यावर त्याचा फोन येईल: ‘मॅडम, स्टेपनी घेऊन जा, विषय संपवू.’ तेव्हा चिडू नका, बोला. तुमच्या जागी मी असतो तर रोख वीस-बावीस हजारांवर मिटवलं असतं, चावीचा खर्च मात्र त्यात पूर्ण धरून. तो सामानच देतो म्हणाला तर स्टेपनीच्या टायरवरचा बनवल्याचा आठवडा आणि वर्ष बघून घ्या, झिजलेला टायर पुढे करायची पद्धत आहे. आणि या वेळीही तो एक कागद पुढे करील, ‘पूर्ण व अंतिम तडजोड’ असं लिहिलेला. पैसे खात्यात जमा झालेले दिसल्यावर आणि वस्तू दिवसाउजेडी, तुमच्या भावासमोर डिकीत ठेवल्यावरच त्यावर सही करा. मूळ चावी परत आणली असेल तर आधी तिने दार उघडून, इंजिन सुरू करून बघा.