खणाच्या, इरकलच्या बॅगा शिवायच्यात? मग आधी कापडाचा पन्हा मोजा

तुम्ही विचारलंय की शिवणकाम येतं, घरून खण आणि इरकलच्या पर्स, लॅपटॉप स्लीव्ह, स्लिंग बॅगा असं काहीतरी सुरू करायचंय, तर कापड कुठून आणायचं, खरं-खोटं कसं ओळखायचं, किंमत कशी लावायची, साधं घरातलं मशीन चालेल का, आणि आता प्रत्येक प्रदर्शनात दोन-चार स्टॉल खणाच्या पर्सचेच असतात तर यात अजून जागा आहे का. मी सोलापुरात हेच काम करते, मदतीला गल्लीतल्याच दोघी ताई आहेत. शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते कारण बाकीच्यांची उत्तरं त्यातच आहेत.

जागा आहे, चांगली आहे. प्रदर्शनात जे दिसतं त्यातलं बरंचसं ४४ इंच पन्ह्याच्या (म्हणजे रुंदीच्या) पॉवरलूमच्या कापडातून, तेच ते नेटवरचे कटिंग घेऊन शिवलेलं असतं. त्यात पॉलिस्टर असतं, चमकतं छान, स्वस्तही पडतं, पण त्या बॅगेचा आणि खणाचा संबंध फक्त बुट्टीच्या प्रिंटपुरता किंवा विणीपुरता उरतो. हातमागाच्या कापडावर मनापासून विचार करून शिवणारे लोक अजून कमी आहेत आणि गिऱ्हाईकाला हातात घेतल्यावर फरक कळतो, खरंच कळतो, सांगावं लागत नाही.

आता कापड. खण म्हणजे मुळात गुळेदगुड्डचा. कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात बदामीजवळ हे गाव आहे, सोलापूरहून विजापूर-बागलकोट करत गदगकडे जी रेल्वे जाते तिच्यावर गुळेदगुड्ड रोड नावाचं स्टेशनसुद्धा आहे. आपल्याकडे ओटीत जो खण घालतात, आजीची चोळी ज्याची असायची, तो पिढ्यान्‌पिढ्या तिथूनच आला, त्यामुळे तिथल्या बऱ्याच पेढ्यांवर मराठी चालतं. इरकल म्हणजे इलकल गावचं साडीचं कापड, तेही गाव त्याच जिल्ह्यात. एकाच खेपेत दोन्ही गावं होतात, वाटेत अमीनगड लागतं तिथला करदंट (डिंक-सुक्यामेव्याची मिठाई) घ्यायला विसरू नका. पहिली खरेदी तरी स्वतः जाऊन करा असं मी कळकळीने सांगेन. मागावर कापड विणताना बघितलं की त्याच्याशी काय करता येईल आणि काय करू नये हे आपोआप समजायला लागतं.

हातमागाच्या खणाचा पन्हा अरुंद असतो, साधारण ३१-३२ इंच, कारण तो चोळीसाठी विणला जायचा, आणि दोन्ही बाजूंना काठ. नवीन लोक इथेच नाराज होतात की एवढ्याशा पन्ह्यात काय बसणार, आणि मग रुंद पॉवरलूमकडे वळतात. पण माझं म्हणणं नेमकं उलटं आहे, तो पन्हा आणि ते दोन काठ हेच तुमचं डिझाइन ठरवतात आणि त्यामुळेच तुमची वस्तू दुसऱ्यासारखी दिसत नाही. उदाहरण देते. १४ इंची लॅपटॉपच्या स्लीव्हला मला शिवणीसकट १५ बाय साडेअकराचे दोन तुकडे लागतात. खण आडवा पसरला की पन्ह्यात १५ अधिक १५ असे दोन तुकडे बरोबर बसतात, मध्ये जेमतेम एखादा इंच वाया. म्हणजे पुढचा आणि मागचा भाग एकाच पट्ट्यातून, आणि दोन्ही तुकड्यांच्या अरुंद बाजूला एकेक काठ. तेव्हा मी स्लीव्हचं तोंड अरुंद बाजूला ठेवते, लॅपटॉप उभा आत सरकतो, आणि काठ बरोबर तोंडाशी पुढून-मागून येतो, वेगळी पट्टी लावायची गरजच नाही, कडा विणलेलीच असल्याने उसवतही नाही. एका मीटरमध्ये अशा तीन स्लीव्ह निघतात आणि वर चार-पाच इंचाची जी पट्टी उरते तिच्यात चेनच्या टोकाच्या टॅब आणि किचेन होतात. यात मला कुठे अडजस्ट करावं लागलं नाही, कापडानेच सांगितलं.

फक्त बुट्टीची दिशा बघून घ्या. सूर्यनारायण, रुद्राक्ष असली बुट्टी कशीही फिरवली तरी चालते, पण तेरू म्हणजे रथ, त्याला वर-खाली आहे, तो आडवा पडला तर वाईट दिसतं. अशा खणाचा मी झोळा शिवते, त्यात कापड उभंच राहतं आणि काठ दोन्ही बाजूंनी खालपर्यंत जातात.

इरकलचं गणित वेगळं. त्याचा जो लाल पदर असतो पांढऱ्या नक्षीचा, टोप तेनी म्हणतात, त्याचा ताणा (उभे धागे) वेगळा लावतात आणि साडीच्या अंगाच्या ताण्याला एकेक धागा अडकवून जोडतात, त्याला कोंडी म्हणतात. त्यामुळे एका वेळी एकाच साडीचा ताणा लागतो. याचा अर्थ असा की मीटरवर थानातून जे इरकल मिळतं त्यात हा पदर नसतोच, तो हवा असेल तर साडीच घ्यावी लागते. मी सुती-रेशमी मिश्र साडी घेते आणि सगळी वापरते, अंगातून झोळे आणि टोट, काठ कापून त्यात निवार पट्टी घालून खांद्याचे बंद, आणि पदरातून फक्त मोजके क्लच. पदराचे बारीक तुकडे करू नका हो, ज्या विणकराने कोंडी जोडून तो पदर विणला त्याचं काम दिसलं पाहिजे, एका क्लचवर लाल-पांढरा अख्खा पट्टा येऊ दे.

इरकलची अजून एक वस्तू सांगते जी माझ्याकडे सगळ्यात जास्त जाते, आणि ती आपल्या घरातलीच आहे. पानसुपारीची चंची आठवते का, लांबट, आत कप्प्यावर कप्पे, गुंडाळून नाडीने बांधायची? तीच मी जरा मोठी करून शिवते, आत चार्जर, केबल, इअरफोन, पेन ड्राइव्हचे कप्पे. ऑफिसला जाणारी मुलं-मुली दोघंही घेतात. कप्प्यांचं माप जुन्या चंचीवरूनच काढलं, फक्त चुन्याच्या डबीच्या जागी चार्जरची वीट बसेल एवढं वाढवलं.

खरं-खोटं ओळखायला धागा जाळून बघतात हे तुम्हाला माहीत असेल, पण उभा आणि आडवा दोन्ही धागे वेगवेगळे काढून जाळा, कारण पुष्कळदा एक सुती असतो आणि दुसरा भलताच. सूत कागदासारखं जळतं आणि मऊ राख राहते, रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि जळलेला गोळा बोटाने चुरडतो, पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो जो चुरडत नाही. गंमत अशी की आर्ट सिल्क म्हणजे रेयॉन, तेही कागदासारखंच जळतं, म्हणजे वितळलं नाही म्हणून रेशीम असं समजू नका, वास बघा. रेशमासाठी सिल्क मार्क, हातमागासाठी हँडलूम मार्क (२००६ पासून आहे), असेल तर उत्तमच, पण लहान विणकरांकडे पुष्कळदा लेबल नसतं आणि माल अस्सल असतो, म्हणून म्हणते जाऊन बघा.

आणि पॉवरलूमचं कापड वापरणं काही गुन्हा नाही. मी राहते ते गावच चादरी-टॉवेलच्या पॉवरलूमवर जगतंय, त्या कारखान्यांत राबणारी माणसं माझी शेजारी आहेत. पण मग टॅगवर तसंच लिहा. हातमाग, गुळेदगुड्ड, रेशीम आणि सूत, असं लिहायचं असेल तर सगळे शब्द खरे असू देत. पॉवरलूमच्या बॅगेवर 'हँडवोव्हन' लिहून विकणारे बघितले की जीव तुटतो, कारण त्या एका टॅगमुळे खरा खण विणणाऱ्याला त्याच भावात विकायला लावतात आणि त्याला ते परवडूच शकत नाही.

शिवणकाम येतं म्हणताय म्हणून फार सांगत नाही, फक्त बॅगेच्या दृष्टीने जे वेगळं आहे तेवढंच. खणाची बुट्टी जादा ताण्याने उठवलेली असते त्यामुळे उलट्या बाजूला मोकळे धागे लोंबतात, त्यात अंगठी अडकते, चेनचा रनर अडकतो, म्हणून अस्तर हवंच. आणि कापायच्या आधी फ्युजिंग (इस्त्रीने मागून चिकटणारं कापड) लावा, कापल्यावर नाही, कारण कात्री लागली की कडेचे धागे सुटायला लागतात आणि अर्धा इंच शिवण बघता बघता पाव इंच होते. इस्त्री मध्यम, वर सुती फडकं ठेवून, घासू नका, दाबा आणि उचला. आतून कडकपणासाठी बकरम वापरू नका, एका पावसात लाटा येतात, त्यापेक्षा पातळ फोम किंवा कॅनव्हास. अस्तराचं कापड आधी धुऊन आटवून घ्या.

रंगाची परीक्षा न करता काहीही कापू नका, विशेषतः लाल, काळा आणि गडद हिरवा. पांढरा रुमाल ओला करून कापडावर चांगला चोळायचा. रुमालाला रंग आला तर त्या कापडाची स्लिंग शिवायची नाही, कारण स्लिंग अंगाला घासते, उन्हाळ्यात घाम येतो आणि गिऱ्हाईकाच्या पांढऱ्या कुर्त्यावर पट्टा उमटतो, एकदा असं झालं की ती बाई परत येत नाही आणि दहा जणींना सांगते. असं कापड मी डायरीच्या कव्हरला वापरते. ऊनही बघा. एका दुकानाने माझ्या पर्स सहा महिने काचेत उन्हात टांगून ठेवल्या आणि एका बाजूने विटलेल्या 'न विकलेला माल' म्हणून परत पाठवल्या, तेव्हापासून दुकानाशी बोलतानाच ठरवते की शोकेसमध्ये लावलेला पीस दुकानाने विकत घ्यायचा.

लोक घरच्या जुन्या साड्या घेऊन येतील, हे तुम्ही विचारलं नाहीये पण येणारच. आजीचं इरकली लुगडं, आईची पैठणी. साडी नेसण्यासारखी असेल तर मी सरळ नाही म्हणते, पिको-रफू करून नेसा सांगते, कितीही पैसे देऊ करोत. जुनं रेशीम घडीवर फाटतं, उजेडासमोर धरलं की घड्यांच्या रेषा दिसतात, तो भाग सोडून उरलेलं मागून मलमल लावून मग फ्युजिंग करायचं. आणि दारावर जुन्या जरीच्या साड्या घेणारे येतात, ते जरीतली चांदी काढायला साडी जाळतात. त्यापेक्षा त्या पदराचा एक बटवा होऊन घरातल्या नातीकडे गेला तर मला ते कधीही बरं वाटतं, आणि अशा कामाचे पैसे मी कमी घेते.

किंमत. इथे बहुतेक बायका स्वतःच्या वेळेचे पैसेच धरत नाहीत, 'घरीच तर असते' म्हणून, आणि त्याने सगळ्यांचाच बाजार पडतो. समजा एका स्लीव्हला कापड, फोम, अस्तर, चेन मिळून २५० रुपये लागले, दीड तास गेला, तासाचे १०० धरले तर १५०, झाले ४००. वीज, जाणं-येणं, वाया गेलेले तुकडे याचे दहा टक्के, म्हणजे ४४०. त्यावर तुमचा नफा ११० धरला तर तुमच्या हातात ५५० यायला हवेत. आता दुकान ३०-४० टक्के कापतं, ३५ धरा, म्हणजे छापील किंमत ८५० च्या आसपास जाते. मग प्रदर्शनात स्वतः विकताना ती ५५० ला देऊ नका, नाहीतर दुकानदार दुसऱ्या दिवशी माल परत करेल आणि त्याचं बरोबर असेल. मदतीला कोणी घेतलं तर नगावर पैसे ठरवा पण आधी तो नग स्वतः घड्याळ लावून शिवून बघा.

महागडं वाटेल म्हणून घाबरू नका. टॅगवर गाव लिहा, धागा लिहा, कसं जपायचं ते लिहा (धुवायचं नाही, ओल्या फडक्याने पुसायचं, उन्हात टांगायचं नाही), लोक वाचतात आणि मग घासाघीस कमी करतात. ७ ऑगस्टला राष्ट्रीय हातमाग दिन असतो, १९०५ च्या स्वदेशी चळवळीची ती तारीख म्हणून ठरवलाय, त्या आठवड्यात ऑफिसांमधून, कॉलेजांमधून स्टॉल लावायला बोलावतात आणि लगेच पुढे गौरी-गणपती, म्हणजे माल जुलैअखेर तयार पाहिजे.

मशीनचं म्हणाल तर घरगुती मशीनवर स्लीव्ह, पाउच, चंची सगळं होतं, १६ नंबरची सुई आणि पॉलिस्टरचा मजबूत दोरा लावा, सुती दोरा बंदाच्या जोडावर तुटतो. निवार पट्टी घातलेले बंद आणि फोमचे चार थर आले की मात्र घरगुती मशीन टाके गाळतं, तेवढे जोड सुरुवातीला एखाद्या बॅगवाल्याकडून नगावर शिवून घ्या. चेन ५ नंबरची घ्या, रनर धातूचा. पुण्याच्या जवळ असाल तर कड्या, मॅग्नेट बटणं, चेन रविवार पेठेत बोहरी आळीत, मुंबईच्या जवळ असाल तर भुलेश्वर-क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला. पहिल्या खेपेला दोनच रंगांचा खण आणि एकच इरकल साडी आणा, त्यातून सहा-सात वेगळ्या वस्तू शिवा आणि ओळखीच्यांना महिनाभर वापरायला द्या. बंद कुठे ओघळतो, चेन कुठे अडते, काठ कुठे मळतो, ते त्या आणून दाखवतील. त्यानंतर थान घ्या.