५८ किलो झाल्यावर

"ताई, मी स्वतःला आहे तशी स्वीकारली, तर मग मी कधी बारीक होणारच नाही ना?"

वजनाच्या काळजीने माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या मुलींकडून, आणि अलीकडे काही मुलग्यांकडूनही, हा प्रश्न मी वेगवेगळ्या शब्दांत ऐकत आले आहे. मात्र तो इतक्या सरळपणे पहिल्यांदा विचारला तो ऋतुजाने. हे नाव खरे नाही, ओळख पटेल असे तपशीलही मी बदलले आहेत आणि तिची व तिच्या आईची संमती घेऊनच हे लिहीत आहे. ती २६ वर्षांची, ठाण्याच्या नौपाड्यात आईवडिलांसोबत राहणारी आणि ऐरोलीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करणारी मुलगी. पहिल्या भेटीत तिने खांद्यावरची सॅक काढून शेजारच्या खुर्चीवर न ठेवता मांडीवर घेतली, पोटाशी घट्ट धरली आणि पाऊण तास ती तशीच धरून बसली. बोलताना दोन वेळा तिने कुर्ता पोटापासून पुढे ओढून सैल केला. ते तिच्या लक्षातही आले नसावे.

तिची उंची १५८ सेंटिमीटर आणि वजन ७४ किलो होते. घरात मात्र बोलले जात होते ते ५८ या आकड्याबद्दल. हा आकडा कोणी ठरवला, असे विचारल्यावर ती गोंधळली, कारण तो कोणत्याही डॉक्टरांनी सांगितलेला नव्हता. कॉलेजच्या पहिल्या वर्षी तिचे वजन तेवढे होते आणि तेव्हाचा एक फोटो आईला फार आवडत असे, एवढाच त्याला आधार होता. ५८ झाले की विवाह मंडळासाठी फोटो काढायचे, ५८ झाले की मावशीने दिलेली पैठणी नेसायची, ५८ झाले की मैत्रिणींबरोबर येऊरला जायचे. आठवीत स्नेहसंमेलनाच्या नाचात तिला "तू मागच्या रांगेत छान दिसशील" असे सांगितले गेले होते. तेव्हापासून ती स्वतःच मागच्या रांगेत जाऊन उभी राहत होती, आणि पुढे येण्याची परवानगी तिने त्या आकड्यावर सोपवली होती.

मी तिला दिवसभराचे खाणे विचारले. सकाळी कोमट पाण्यात लिंबू आणि मध, नाश्ता नाही, दुपारी डब्यात काकडी आणि एक पोळी, चार वाजता बिनसाखरेचा चहा. रात्रीचे सांगताना तिचा आवाज उतरला. सगळे झोपल्यावर ती स्वयंपाकघरात जाई आणि दिवा न लावता, फ्रिज उघडा ठेवून त्याच्या उजेडात ओट्याशी उभी राहून खाई. आधी उरलेला भात, मग डब्यातली शेव, मग हाताला लागेल ते. डब्याच्या झाकणाचा आवाज होऊ नये म्हणून ती झाकणावर ओढणी धरत असे. खाऊन झाल्यावर डब्यातली शेव हलवून वर आणून ठेवायची, म्हणजे कमी झाल्याचे दिसणार नाही. सकाळी वजनकाट्यावर चारशे ग्रॅम जास्त दिसले की तो सबंध दिवस वाया गेला असे धरायचे आणि पुन्हा उपास सुरू करायचा. "मला जिभेवर ताबाच नाही," असे ती म्हणाली. इतक्या वर्षांत तिने स्वतःबद्दल काढलेला निष्कर्ष एवढाच होता.

हा निष्कर्ष चुकीचा आहे, हे मी तिला एका जुन्या प्रयोगाच्या आधारे समजावले. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुणांना त्यांच्या संमतीने सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले होते, कारण युद्धात उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा नीट खाण्यावर कसे आणायचे हे समजून घ्यायचे होते. मनाने खंबीर म्हणून निवडलेले हे तरुण काही आठवड्यांतच अन्नाशिवाय दुसऱ्या विषयावर बोलेनासे झाले. ते पाककृती जमवू लागले, चिडचिडे आणि उदास झाले, आणि पुढे पोटभर जेवण सुरू झाल्यावरही त्यांच्यातल्या अनेकांचे कितीही खाल्ले तरी समाधान होईना. त्यांची जीभ बिघडलेली नव्हती. उपाशी ठेवलेले शरीर मनाला अन्नाकडे ओढत नेते, कारण त्याला जगायचे असते. ऋतुजा दिवसभर उपाशी राहत होती, आणि तिच्या इच्छाशक्तीचा दुबळेपणा म्हणून जे समजले जात होते ते तिच्या शरीराचे रात्री अकरा वाजताचे साधे उत्तर होते. हे ऐकल्यावर ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "म्हणजे मी वाईट नाहीये?" खाण्यापिण्याच्या संदर्भात कोणी हा शब्द वापरावा, याचे मला आजही वाईट वाटते.

मी समुपदेशक आहे, डॉक्टर नाही. त्यामुळे पुढचे काही ठरवण्याआधी मी तिला एका डॉक्टरांकडे पाठवले. अहवाल आले तेव्हा उपाशीपोटीची साखर ८८, तीन महिन्यांच्या सरासरीची चाचणी ५.३ आणि रक्तदाब ११८/७६, हे सगळे ठीक होते. ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली चरबी, थोडी वाढलेली होती आणि कमरेचा घेर ८८ सेंटिमीटर होता. भारतीय स्त्रियांसाठी ८० ही मर्यादा मानली जात असल्याने डॉक्टरांनी त्याकडे लक्ष द्यायला सांगितले. ते मी तिच्यापासून लपवले नाही, कारण वाढलेल्या वजनाने काहीच बिघडत नाही असे सांगणे ही आपुलकी नव्हे. पण सर्वांत ठळक गोष्ट वेगळीच निघाली. तिचे हिमोग्लोबिन अवघे १०.४ होते. ठाणे स्टेशनाचा जिना चढताना तिला धाप लागे, लोकलमध्ये उभ्याउभ्या डोळे मिटत, आणि या सगळ्याचे खापर ती स्वतःच्या जाडीवर फोडत होती. बारीक होण्यासाठी अन्न सोडल्यामुळे लोह पोटात जात नव्हते, त्यामुळे थकवा येत होता आणि थकव्यामुळे चालणे बंद पडले होते.

डॉक्टरांनी घरातल्या मधुमेहाविषयी विचारले. आजोबांना तो होता असे कळल्यावर तिच्या बाबांनीही तपासणी करून घ्यावी असे सुचवले. बाबांचे वजन ६१ किलो, उंची १६८ सेंटिमीटर. लग्नात घेतलेला सफारी आजही अंगात जातो, हे त्यांच्याबद्दल नातेवाइकांत कौतुकाने सांगितले जाते. त्यांची उपाशीपोटीची साखर ११४ आली आणि तीन महिन्यांची सरासरी ६.२. म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर ते उभे होते, आणि घरात ज्यांच्या तब्येतीची कोणालाच काळजी नव्हती असे तेच होते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हा प्रकार स्वतःच्याच शरीरावरून दाखवून दिला आहे. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचे माप, अगदी सारखा, २२.३ होता. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. हातपाय काटकुळे आणि चरबी पोटात दडलेली, ही ठेवण आपल्याकडे पुष्कळ आढळते. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआयची मर्यादा २५ ऐवजी २३ धरली जाते. या मापाचा जन्म तर वैद्यकाबाहेरचा आहे. उंचीच्या वर्गाने वजनाला भागण्याची कल्पना एकोणिसाव्या शतकात बेल्जियमच्या क्वेतले या संख्याशास्त्रज्ञाने मांडली, आणि १९७२ मध्ये तिला बीएमआय हे नाव दिले ते उपासमारीचा प्रयोग करणाऱ्या त्याच अ‍ॅन्सेल कीजने. मोठ्या लोकसमूहांची तुलना करण्यासाठी ते माप सोयीचे आहे. डॉक्टरही त्याचा उपयोग पहिला अंदाज घेण्यासाठी करतात. पण एखाद्या मुलीने फोटो काढावा की नाही, हे त्यावरून ठरवता येत नाही.

तिसऱ्या भेटीनंतर मी तिच्या आईला स्वतंत्रपणे बोलावले. त्या आल्या त्याच मुळी बचावाच्या तयारीने. "मी तिच्या भल्यासाठीच बोलते हो, आत्ता नाही बोललं तर पुढे लोक बोलतील," असे त्यांनी बसताबसताच सांगितले. त्यांचे प्रेम खरे होते याबद्दल मला शंका नव्हती. मुलीच्या ताटात दुसरी पोळी वाढताना हात अडतो आणि मग रात्री आपल्यालाच झोप लागत नाही, हेही त्यांनी सांगितले. बोलता बोलता त्यांच्या स्वतःच्या लग्नानंतरचे दिवस निघाले. त्या तेव्हा फार बारीक होत्या. सासरी पहिल्याच आठवड्यात कोणीतरी "ही काटकी काय संसार करणार" असे म्हटले होते. पुढे दोन वर्षे सासूबाई त्यांच्या भातावर नको असताना तूप वाढत आणि आल्यागेल्यासमोर मनगट धरून दाखवत. हे सांगताना त्यांनी स्वतःचे मनगट दुसऱ्या हाताने धरले होते. मी त्यांना एवढेच विचारले, की त्या दिवसांत सासूबाईंनी तुम्हाला काय म्हटले असते तर बरे वाटले असते? त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "जेवलीस का, एवढंच."

त्यानंतर मला त्यांना फारसे काही समजवावे लागले नाही. वजनकाटा त्यांनीच माळ्यावर टाकला. शरीरातले पाणी, मीठ, मासिक पाळी यांमुळे वजन एका दिवसात किलो-दीड किलो सहज इकडेतिकडे होते, त्यामुळे रोजच्या काट्यावरून चरबीचे काही कळत नाही, हे मी दोघींना सांगितले होते. डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या आणि आहार सुरू झाला: सकाळचा नाश्ता चुकवायचा नाही, दुपारी पोळी-भाजीबरोबर उसळ किंवा अंडे, संध्याकाळी मूठभर चणे-शेंगदाणे, आणि जेवणाला लागून चहा नाही, कारण तो लोह नीट शोषू देत नाही. तीन आठवड्यांत रात्रीचे फ्रिजपाशी जाणे बरेच कमी झाले. ते पूर्ण थांबायला चार महिने लागले आणि मध्ये दोनदा जोराने परत आले. एकदा नात्यातल्या लग्नात काकूंनी "अजून तशीच आहेस" म्हटल्यावर, आणि एकदा एका स्थळाकडून नकार आल्यावर. अशा वेळी काय बोलायचे ते आम्ही घोटून तयार केले होते. "काकू, माझ्या वजनाबद्दल मी डॉक्टरांशी बोलते, तुम्ही कशा आहात सांगा," हे वाक्य तिने माझ्यासमोर आठ-दहा वेळा म्हटले, तेव्हा कुठे ते तिच्या तोंडी बसले.

आरशाचे काम सर्वांत अवघड गेले. स्वतःकडे पाहताना फक्त वर्णन करायचे, निकाल द्यायचा नाही, असे मी तिला सांगितले. "दंड घाणेरडे आहेत" याऐवजी "दंड गोल आहेत, डाव्या दंडावर लसीचा व्रण आहे." स्वतःवर प्रेम करा असे मी कोणालाही पहिल्या महिन्यात सांगत नाही, कारण ज्याला आरशासमोर उभेही राहवत नाही त्याच्यासाठी ती आणखी एक न जमणारी परीक्षा ठरते. आधी शिवी थांबली तरी पुष्कळ आहे.

तिच्या मूळ प्रश्नाला मी उत्तर दिले ते साधारण पाचव्या भेटीत. ज्या गोष्टीचा तिटकारा येतो तिची निगा माणूस राखत नाही, ती नजरेआड करतो. तिने बारा वर्षे शरीराचा तिटकारा केला आणि त्या बारा वर्षांत एकदाही रक्त तपासले नव्हते, चालायला बाहेर पडली नव्हती, कारण लोक बघतील. वजनावरून हिणवल्या गेलेल्या माणसांचे वजन पुढे वाढण्याकडेच कल दिसतो, असे दीर्घकाळ चाललेल्या पाहण्यांतून समोर आलेले आहे. स्वीकार म्हणजे आज हे शरीर माझे आहे एवढे मान्य करणे. त्याला आज भूक लागते, आज त्याचे हिमोग्लोबिन कमी आहे, आज त्याला चालायला न्यायचे आहे. ५८ किलोच्या, अजून न आलेल्या शरीराला लोहाची गोळी देता येत नाही.

इथे एक गोष्ट निक्षून सांगायला हवी. खाल्ल्यावर मुद्दाम उलटी करणे, पाळी थांबणे, चक्कर येणे, अन्नाच्या भीतीने वजन झपाट्याने उतरणे किंवा जगणे नकोसे वाटणे, यांपैकी काहीही असेल तर नुसत्या गप्पांवर थांबू नये. अशा वेळी डॉक्टर आणि मनोविकारतज्ज्ञ दोघेही लागतात. कोणाशी बोलावे हे सुचत नसेल, तर शासनाच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते.

आठ महिन्यांनंतर तिचे हिमोग्लोबिन १२.३ झाले आणि कमरेचा घेर चार सेंटिमीटरने घटला. वजन किती उतरले हे लिहायला माझा हात अडतो, कारण वाचणाऱ्याची नजर तिथेच जाऊन थांबेल. ते तीन किलोंनी उतरले. म्हणजे ५८ पासून ती अजूनही पुष्कळ लांब आहे. पैठणी मात्र तिने दिवाळीत नेसली, ब्लाउज नवा शिवून घेतला. काही सकाळी आरसा अजून जड जातो, असे ती प्रामाणिकपणे सांगते.

रात्री जेवण झाले की ती आणि बाबा तलावपाळीला दोन फेऱ्या मारतात. बाबांना चालण्याची सवय नव्हती, त्यामुळे सुरुवातीला तेच गडकरी रंगायतनपाशी बसून घेत आणि ती त्यांच्यासाठी थांबत असे. पुढच्या महिन्यात दोघांचे रक्त पुन्हा तपासायचे आहे आणि त्यासाठी उपाशीपोटी जावे लागेल. आईने आधीच सांगून ठेवले आहे, की ती पोह्यांचा डबा बरोबर देईल आणि रक्त देऊन झाल्यावर दोघांनी तिथेच बाकावर बसून तो खायचा आहे.